थोरलीचं पाणी

तीर्थस्वरूप मामा यांस,

घाटातल्या चौथ्या की पाचव्या वळणावर, रस्त्याकडेच्या दगडावर बसलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग तो मनातल्या मनात. इथे खरोखर आडवा पडलो तर मागून येणारा ट्रक आशीर्वाद द्यायला थांबणार नाही.) आम्ही दोघं सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द मामीनं सांगितला म्हणून लिहिला. मी 'जिवंत' लिहिणार होतो. तुमची थोरली माझ्यासमोर उभी आहे, तिच्या नाकातून वाफ येतेय, आणि इंजिन थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही ही तुमची सक्त ताकीद असल्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे. इथे फोनला रेंज नाही. असती तरी काय उपयोग म्हणा, अर्ध्या अर्ध्या तासानं मला फोन करून गाडीचं पाणी विचारता म्हणून डॉक्टरांनी तुमचा फोनच काढून घेतलाय. तेव्हा पत्र. शहराकडे जाणारी एक बस मागून येते म्हणतात. ती आली की मामी तिच्यात बसून पुढे येईल आणि हे पत्र तुमच्या हातात देईल. मी थोरलीबरोबर इथेच. पुढचं देव जाणे.

पत्रात आधी तब्येत विचारायची रीत आहे, पण मामीनं बजावून ठेवलंय की तुमच्या पायांची सूज आणि तुमचं पाणी या दोन विषयांवर मी चकार शब्द काढायचा नाही, तुम्ही चिडता. ठीक आहे, नाही काढत. फक्त आठवण म्हणून लिहितो (आठवण म्हणजे काही शब्द काढणं नव्हे) की अंगातलं पाणी उतरल्याशिवाय तुमच्या हृदयाचं ऑपरेशन करता येत नाही, आणि आता फार दिवस थांबताही येत नाही, असं डॉक्टर परवा मला बाहेर बोलावून म्हणाले. नर्सबाई पेला मापून देतात, तरी तुमचं वजन वाढतंय. बिचारे डॉक्टर चक्रावलेत. इकडे घरी गाडीतलं पाणी जातं कुठे ते कळत नाही, आणि तिकडे तुमच्या अंगात पाणी येतं कुठून ते कळत नाही. त्यावर तुम्ही काय म्हणालात? आधी थोरलीला खिडकीखाली आणून उभी करा, तिचा आवाज ऐकू दे, मग बघू तुमचं ऑपरेशन. 'तुमचं' ऑपरेशन! जसं काही डॉक्टरांची छाती उघडायचीय.

म्हणून तर निघालो, मामा. नाहीतर मला काय हौस होती? मी चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय का' विचारणारा माणूस. माझ्या आजोबांच्या वयाची गाडी घाटात चढवणं हा माझा प्रांत नव्हे. पण तुम्ही श्वास लागलेल्या अवस्थेत टॅक्सीत बसताना माझं मनगट धरलंत आणि घराचं नाही, मामीचं नाही, गाडीचं सांगितलंत: रोज सकाळी पाणी बघ, पट्टी बुडवून बघ. पुढेही काहीतरी बोललात, पण टॅक्सीवाल्यानं गाडी काढली आणि ते वाक्य तुमच्याबरोबर गेलं. (मामीला वाटलं आता तरी तिच्याबद्दल काहीतरी येईल. ती खिडकीपाशी कान देऊन उभी होती. 'झाकण गरम असताना उघडू नको' एवढं आलं.)

दुसऱ्या दिवशी दुकानातला डोळे तपासायचा टॉर्च घेऊन मी थोरलीच्या रेडिएटरमध्ये डोकावलो. हिरवं पाणी दिसलं, पण काठापासून चांगलं खाली. तुमची लाकडी पट्टी बुडवली. तिच्यावर मामीच्या नेलपॉलिशची लाल खूण आहे, तिथपर्यंत बरोबर ओली झाली. आता तुम्हीच सांगा, लाल खूण म्हणजे माणूस काय समजणार? लाल म्हणजे धोका. मी समजलो की याच्या खाली गेलं की संपलं, आणि आपण अगदी कडेलोटावर उभे आहोत. पाण्याचा जग आणला आणि रेडिएटर काठोकाठ भरला. भरलेलं भांडं पाहिलं की आपल्या घरात कोणालाही बरं वाटतं, मलाही वाटलं. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाजारापर्यंत एक चक्कर मारून आणली आणि जागेवर लावली. जेवून बाहेर येतो तर खाली हिरवं तळं!

तिथून आमच्या घरची झोप उडाली. गळती, मामा! तुम्ही चाळीस वर्षं जिवापाड जपलेल्या गाडीला माझ्या हातात येऊन एक दिवस झाला नाही तो गळती. (तुम्हाला काळजी नको म्हणून फोनवर मी 'भरलेलं आहे' एवढंच सांगत आलो.) मी खाली सरपटत गेलो, शर्टाची वाट लावली, प्रत्येक नळीवरून हात फिरवला. कुठे ओल नाही. सकाळी पट्टी घातली तर पाणी पुन्हा त्या लाल खुणेवर. पुन्हा भरलं, पुन्हा चक्कर, पुन्हा तळं. त्या हिरव्या पाण्यात कूलंट असतं, ते चवीला गोड आणि पोटात विषारी असतं म्हणे, म्हणून मामी शेजारच्या मांजरासाठी तळ्यावर माती टाकायची, पुसायची, आणि पुसताना थोरलीला जे काय बोलायची ते लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला माहीतच आहे, गाडी या घरात मामीच्या आधी आली म्हणून तुम्ही तिला थोरली म्हणायला लागलात, आणि त्या हिशेबानं मामी धाकटी ठरली. हा विनोद तिला लग्नाच्या दिवशी आवडला नव्हता आणि आजही आवडत नाही. पण खरं सांगतो, सवत म्हणत म्हणत फडक्यानं तिचे दिवे पुसायचीही तीच.

आता भर पडली ती शेजारच्या मीटरकाकांची. जन्मभर लोकांच्या पाण्याचे मीटर वाचले, निवृत्त झाले, पण नजर गेली नाही. कुंपणावरून वाकून त्यांनी निकाल दिला की ही गळती आतली आहे, इंजिनाला तडा गेलाय, आणि तडा बुजवायला जुन्या काळी रेडिएटरमध्ये मिरपूड घालायचे. मी म्हटलं, काका, मामांना विचारल्याशिवाय काही घालायचं नाही. ते बरं म्हणाले. दोन दिवसांनी बाजाराच्या चकरेत इंजिन तापलं आणि गाडीला सूपाचा वास यायला लागला. मला शिंका, मामीला शिंका, सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याला शिंका. काकांना विचारलं तर म्हणतात चिमूटभरच टाकली. मामा, ती चिमूट कोणाच्या हाताची होती? सबंध बाजार शिंकत होता!

बरं, एवढ्यावर थांबेल तर ते आपलं घर कसलं. आज सकाळी लवकर निघायचं म्हणून मी जग घेऊन अंगणात गेलो, तर तुमची भाचेसून आधीच बॉनेटपाशी तांब्या घेऊन उभी. मी म्हटलं तू काय करतेस, तर म्हणाली मी रोजच भरते, तुम्ही दुकानात गेल्यावर बघते तेव्हा कमीच असतं. तेवढ्यात मागच्या दारानं मामी आली, तिच्या हातात बादली. आणि कुंपणाचं फाटक वाजलं म्हणून वळून बघतो तर मीटरकाका, रबरी नळी घेऊन. सगळे रोज भरत होतो! चोरून! एकमेकांना काळजी नको म्हणून! आम्ही सगळे बॉनेटभोवती उभे राहून एकमेकांच्या भांड्यांकडे बघत राहिलो, आणि मग सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. कारण निष्कर्ष उघडच होता: घरातली तीन आणि शेजारचं एक एवढी माणसं दिवसभर भरतायत तरी पुरत नाही, म्हणजे गळती किती भयंकर असेल. भाचेसून म्हणाली नका जाऊ. मामी म्हणाली जायचंच, ते तिकडे खिडकीत बसले असतील. आणि ती पुढच्या सीटवर बसली: मांडीवर तुमच्यासाठी थर्मास, पायाशी पाण्याचे कॅन, खांद्यावर ती लाल शाल.

घाटाच्या पायथ्याशी मामीनं गाडी थांबवायला लावली आणि चढाच्या आधी म्हणून स्वतःच्या हातानं रेडिएटर तोंडापर्यंत भरला, असा की झाकण लावताना पाणी कडेनं सांडलं. मीही तेच करणार होतो. मग चढ लागला. पुढे विटांचा ट्रक. ओलांडता येईना, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. दुसऱ्या गिअरमध्ये थोरली घों घों करत चढतेय आणि तापमानाचा काटा मधल्या जागेवरून हलला. माझं लक्ष रस्त्यावर, म्हणून काटा मामीकडे सोपवला होता, ती चूक झाली. तिनं समालोचनच सुरू केलं. हलला रे. अजून हलला. थांबला. नाही, चढतोय. मी ट्रकच्या विटा मोजत होतो, दुसरं काही डोक्यात राहू नये म्हणून. हाताला घाम, स्टिअरिंग निसटतंय, मागून कोणीतरी कर्कश्श हॉर्न वाजवतंय. आणि मनात एकच: ही इथे मेली तर मामांना काय सांगू? गाडी मेली हे सांगायचं नाही, मामा. ती नसेल तर तुम्ही त्या टेबलावर झोपायला तयार होणार नाही, आणि मग? त्या 'मग'च्या पुढे मी घाटभर गेलो नाही.

तेवढ्यात मामी ओरडली, लाल! लाल झाला! आणि त्याच क्षणी नाकावरच्या झाकणाच्या कडेनं सूं करून वाफ निघाली, हिरव्या पाण्याचं कारंजं थेट काचेवर. समोर काही दिसेना. ट्रक नाही, रस्ता नाही, दरी कुठल्या बाजूला तेही नाही. वास मिरपुडीचा. मला शिंक आली, मामा, अशा वेळी शिंक! शिंकता शिंकता ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आणि थोरली उतारावरून मागे सरकायला लागली. थोडीशीच. मी डोळे उघडेपर्यंत मामी खाली उतरून चाकामागे दगड लावून मोकळी. या वयात, साडी सावरत, कोणी न सांगता. मग ती बॉनेटवर हात ठेवायला गेली, चटका बसला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चटक्यानं आलं असं ती म्हणते.

तर हे असं आहे. माझ्या मते इंजिनाला तडा गेलाय. मीटरकाकांच्या मतेही तेच. आता ऐका मामा, रागावू नका, पण मला ही गाडी झेपत नाही. तुम्ही बरे झालात की तिचं काय ते करा, विका, दिवाणखान्यात ठेवा, मला बोलवू नका. आणि ती आज खिडकीखाली आली नाही म्हणून ऑपरेशनला नाही म्हणू नका. तिच्याशी तुमचा हट्ट चालतो, हृदयाशी चालत नाही. मामी म्हणते बस दिसतेय खालच्या वळणावर, म्हणून आवरतो. थोरामोठ्यांना नमस्कार लिहायची पद्धत आहे; वॉर्डात तुमच्याहून थोर कोणी नाही, तेव्हा सगळे तुम्हीच घ्या.

आपला (उन्हात पाठ भाजलेला, शर्ट हिरवा झालेला)
भाचा

ता. क. ती बस नव्हती, दुधाचा टँकर होता. मामी दगडावर बसलीय. इंजिन टिक टिक करत गार होतंय. वर मी गाडी विका असं लिहिलंय ते रागात लिहिलंय. निदान बस येईपर्यंत तरी विकू नका.

ता. क. दुसरा. झाकण उघडलं. बॉनेट हाताला कोमट लागलं तेव्हाच उघडलं, फडकं धरून, हळूहळू, तोंड बाजूला करून, अगदी तुमच्या पद्धतीनं. वाटलं आत ठणठणीत कोरडं असणार. टॉर्च मारला तर हिरवं पाणी. पट्टी बुडवली. मामा, पाणी लाल खुणेवर होतं! केसभर खाली नाही, केसभर वर नाही. मी पुन्हा पुसून बुडवली. तीच खूण. एवढं कारंजं उडालं, एवढा घाट चढलो, आणि पाणी नेमकं तिथेच. मी वेड्यासारखा पट्टीकडे बघत बसलो आणि मग माझ्या (डोळ्यांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या) डोळ्यांत प्रकाश पडला. खूण धोक्याची नाहीच, खूण हीच तिची जागा. रेडिएटरच्या आतली जाळी बुडली की झालं, वर दोन बोटं मोकळी हवीत, कारण तापलं की पाणी फुगतं आणि त्याला जायला जागा लागते. जागा नसेल तर ती बिचारी जादा पाणी नळीवाटे खाली टाकून देते, तेच ते आमचं तळं. गळती कधी नव्हतीच! आम्ही भरत होतो म्हणून ती टाकत होती, आणि ती टाकत होती म्हणून आम्ही भरत होतो. टॅक्सी निघाली तेव्हा तुमचं राहिलेलं वाक्य हेच होतं ना? किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात चालू. काटा मध्ये. तो लाल कसला होता म्हणून बघतो तर सीटवर राहिलेली मामीची शाल काट्याच्या काचेत दिसत होती. (पाणी ओतून ओतून कूलंट पातळ झालंय आणि तळाशी मिरपूड आहे, त्याबद्दल काय शिव्या द्यायच्या त्या बरे झाल्यावर द्या. मी ऐकायला उभा राहीन.)

ता. क. तिसरा, आणि खरं तर पत्र इथून सुरू करायला हवं होतं. मी हे सगळं मामीला समजावून सांगत होतो, खूप खूश होऊन, की बघ, आपण प्रेमानं भरत होतो आणि तिचा जीव घेत होतो. मामी मांडीवरच्या थर्मासकडे बघत बसली. मग म्हणाली, तुझे मामा फार केविलवाणं तोंड करतात रे. मला काही कळेना. मग कळलं. मामा, मामी भेटायला आली आणि नर्सबाईंची पाठ वळली की या थर्मासमधून घोट घोट पाणी येत होतं, ओठ ओले करायला म्हणून! आणि तेवढंच नाही, वॉर्डात बघितलेलं एकेक मामीनं सांगितलं. भाचेसुनेनं भेटायला येताना आणलेलं कलिंगड तुम्ही अख्खं संपवलंत, ते ती फळ समजून आणत होती. मीटरकाकांच्या हातची सरबताची बाटली उशीखाली होती. शेजारच्या कॉटवरचे आजोबा स्वतःच्या पेल्यातलं अर्धं देतात म्हणे. आणि मी तुम्हाला बर्फाचे खडे चोखायला दिले, बर्फ म्हणजे काही पाणी नव्हे असं तुम्ही म्हणालात, मीही मान डोलावली. प्रत्येकजण एकेकटा, चोरून, दुसऱ्याला काळजी नको म्हणून. आणि तिकडे डॉक्टर विचारतायत पाणी येतं कुठून! थोरलीला निदान खाली नळी आहे, मामा, नको झालेलं ती टाकून देते. तुमच्या हृदयाला तशी नळी नाही. ते दमतं आणि पाय फुगतात.

म्हणून आता तो चकार शब्द काढतोच, चिडायचं तर चिडा. मागणं एकच. नर्सबाई मापून देतील तेवढंच पाणी प्या. तुम्ही कोणाला तोंड वेडंवाकडं करून दाखवायचं नाही, आम्ही बघायचं नाही. सूज उतरू द्या, ऑपरेशन होऊ द्या. थोरलीला आम्ही चौघं आठवडाभर बुडवत होतो आणि तिनं ते सहन केलं. तुमचं तेवढं सहन होणार नाही, आणि मला, स्पष्टच लिहितो, फार भीती वाटते.

ता. क. चौथा. बस आली होती. मामीनं तिला हात हलवून पुढे पाठवलं. म्हणते गाडीतूनच येणार. तेव्हा हे पत्र तिच्याच हातून वर वॉर्डात मिळेल. ते वाचत असाल तेव्हा मी खिडकीखाली इंजिन चालू ठेवून उभा असेन. आवाज ऐका, मग सांगा. पत्राच्या शेवटी जागा उरलीय तिथे मामीला दोन ओळी लिहायच्यात.

अहो, थर्मास मी घाटात ओतून टाकला. तुमच्या थोरलीच्या पायाशीच ओतला. आता माझ्याकडे कितीही तोंड करा, मिळणार नाही. मीही तुमच्या समोर पाणी पिणार नाही, बाहेर जाऊन पिईन. चाळीस वर्षं तिची दोन बोटं सांभाळलीत, आता माझ्यासाठी स्वतःची सांभाळा. मला एकटीला तिच्याबरोबर त्या घरात राहायचं नाही.